कारखान्याचा रिव्हेट, रस्त्याचे वेल्डिंग

मालट्रकची चासी कारखान्यात जोडली जाते ती मुख्यतः रिव्हेट आणि बोल्टने. दोन बाजूंचे दोन लांब चॅनेल, त्यांना मधूनमधून आडवे बांधणारे क्रॉस मेंबर, पाट्यांचे हँगर, डिझेलच्या टाकीचे ब्रॅकेट या सगळ्यांत वेल्डिंगला जागा थोडी. लांब चॅनेलच्या वरच्या-खालच्या पट्टीवर तर सहसा नाहीच. हीच चासी पुढे कधीतरी कसारा घाटात किंवा कळंबोलीच्या रस्त्यावर चिरते, तेव्हा मात्र तिथे रिव्हेट कोणी मारत बसत नाही. गाडी कडेला लागते, खाली जॅक लागतो, वेल्डिंगची काडी पेटते आणि चिरेवर लोखंडाची पट्टी बसते. घडवणारा जे टाळतो नेमके तेच दुरुस्त करणारा करतो, हे कसे? याचे उत्तर आपल्या ओठांवर तयार असते: अडाणीपणा, जुगाड, चालतंय की. उत्तर सोयीचे आहे, पण मालवाहतुकीचा इतिहास उलगडून पाहिला तर ते टिकत नाही. वेल्डरला धातू कळत नव्हता म्हणून चासीवर पट्ट्या चढल्या, असे झालेले नाही. गाडी किती वेळ उभी ठेवायची हे ज्याने ठरवायचे त्या मालकाच्या हाती वेळ नव्हता, म्हणून त्या चढल्या. आणि तो वेळ का नव्हता याची कारणे परवान्यांत, कर्जांत, भाड्याच्या दरांत आणि चासीवर ठोकलेल्या एका नंबरात सापडतात.

आधी धातूचे बोलू. ट्रकची चासी अगदी ताठ राहावी अशी कोणी बनवत नाही. तिने पीळ खावा आणि पुन्हा सरळ व्हावे अशी ती बनवलेली असते. एक चाक खड्ड्यात उतरले आणि कर्णावरचे दुसरे उंचवट्यावर चढले की सबंध चौकट पिळली जाते. एका बाजूने उघडा असलेला चॅनेल यासाठीच निवडलेला असतो. उभा भार तो चांगला पेलतो, पिळाला मात्र फारसा विरोध करत नाही. भाराखाली चॅनेल वाकतो तेव्हा सर्वांत जास्त ताण त्याच्या वरच्या आणि खालच्या पट्टीत येतो, उभ्या पोटाच्या मध्यावर तो जवळजवळ शून्य असतो. म्हणून कारखाना भोके पाडतो ती पोटात, आणि पट्ट्यांना शक्यतो हात लावत नाही. पट्टीवर आडवा वेल्ड पडला की त्याच्या कडेला एक बारीक खाच तयार होते, शेजारचे लोखंड तापून-थंडावून स्वभाव बदलते, आणि पुढची चीर तिथूनच निघते. लोखंड पुष्कळदा एका झटक्याने मोडत नाही, थकून मोडते. १८४२ मध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला, तेव्हापासून युरोपातले अभियंते या थकव्याचा माग काढू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे चाचण्या घेऊन दाखवून दिले की एरवी सहज पेलवणारा ताणही लाखो वेळा येत-जात राहिला तर लोखंड तुटते. वेल्ड केलेल्या सांध्यांच्या बाबतीत पुढे जो ढोबळ नियम रूढ झाला तो आणखी कठोर आहे. सांध्याचे आयुष्य ताणाच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते. ताण सव्वापट झाला तर आयुष्य जवळपास निम्म्यावर येते, दुप्पट झाला तर आठव्या हिश्शावर. हा नियम लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

मग वेल्डिंगसारख्या, दिसायला इतक्या धोक्याच्या तंत्राने दुरुस्तीच्या कामात पाय रोवले कसे? वेल्डिंगचा स्वतःचा इतिहास सांगतो की ते पहिल्यापासून घाईत असलेल्यांचे तंत्र आहे. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा तिच्या बंदरांत अडकून पडलेली जर्मन जहाजे तिने ताब्यात घेतली. त्यांच्या खलाशांनी जाण्यापूर्वी इंजिनांचे बिडाचे सिलिंडर फोडून ठेवले होते. नवे सिलिंडर ओतायचे तर महिनोन् महिने लागणार, आणि सैन्य तर तातडीने फ्रान्सला पोहोचवायचे. अमेरिकी नौदलाने फुटलेल्या सिलिंडरांपैकी बरेच विजेच्या वेल्डिंगने सांधले आणि तीच जहाजे अटलांटिकपार धाडली. तोवर वेल्डिंगकडे नाक मुरडून पाहणाऱ्या अनेकांना त्या वर्षी ते पटले, आणि पटले ते दुरुस्तीच्या वाटेने. दुसऱ्या महायुद्धात हीच घाई बांधणीत शिरली. सत्तावीसशेहून अधिक लिबर्टी जहाजे वेल्ड करून झपाट्याने पाण्यात सोडली गेली, आणि त्यांतल्या काहींचे पत्रे उभे चिरले. १६ जानेवारी १९४३ रोजी ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला ‘स्कनेक्टडी’ हे नवेकोरे तेलवाहू जहाज शांत पाण्यात धक्क्याला बांधलेले असताना जवळजवळ दुभंगले. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद हे त्यामागचे एक मोठे कारण, आणि केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी ते उलगडून दाखवले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. रिव्हेटच्या जहाजात चीर एका पत्र्याच्या कडेला येऊन थांबायची. वेल्ड केलेल्या जहाजात सगळे पत्रे एकसंध झाल्यामुळे ती न अडखळता पुढे जायची. म्हणून जहाजांवर मुद्दाम काही सांधे रिव्हेटचे ठेवण्यात आले, केवळ चीर अडवण्यासाठी. युद्धकाळातल्या अमेरिकेनेही घाईची किंमत मोजली. फरक इतकाच की मोजल्यावर तिने हिशेब लिहून ठेवला.

आपल्याकडे ट्रक आला तो सुट्या भागांच्या पेट्यांतून. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, फोर्डही मागोमाग मुंबईत आली. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या डिस्पोजलमधल्या लॉऱ्या बाजारात आल्या आणि कित्येक वाहतूकदारांचा धंदा त्यांच्यावर उभा राहिला. या गाड्यांना मूळ चासी मिळणे सोडाच, साधे सुटे भाग मिळणेही मुश्कील होते. मोडले ते सांधायचे, याला पर्याय नव्हता. त्या काळी हमरस्त्यालगत वीज क्वचितच होती, त्यामुळे पहिली सांधाजोड झाली ती कार्बाईडच्या टाकीतून निघणाऱ्या ॲसिटिलीनवर, गॅसने. विजेची काडी सर्रास झाली ती नंतर. मुंबईत अडवाणी-ओर्लिकॉनने १९५१ पासून या धंद्यात पाऊल टाकले, देशी बनावटीच्या काड्या आणि ट्रान्सफॉर्मर मिळू लागले, आणि १९६० नंतर महाराष्ट्रात वीज मंडळाच्या तारा जसजशा पसरल्या तसतशी नाक्यानाक्यावर वेल्डिंगची दुकाने उभी राहिली. दरम्यान सरकारने केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना निरोप दिला. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे कुर्ल्यातून डॉज आणि फार्गो ट्रक निघत होते, मद्रासमध्ये अशोक लेलँड उभी राहत होती, आणि १९५४ मध्ये टेल्कोने डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरहून ट्रक काढायला सुरुवात केली. पण हे कारखाने विकत काय होते? बहुतेकदा नुसती चासी. इंजिन, चाके, स्टिअरिंग, आणि वर काही नाही. तोंडाला फडके बांधून, गॉगल लावून उघड्या चासीवर बसलेला ड्रायव्हर शेकडो मैल ती हाकत न्यायचा, हे दृश्य भारतातल्या हमरस्त्यांवर अनेक दशके रोजचे होते. केबिन, हौदा, फाळका हे सगळे बाहेरचा बॉडीबिल्डर बांधायचा. चासी आणि हौदा यांच्यामध्ये लाकडाची पट्टी घालून यू-बोल्टने आवळणे ही चांगली पद्धत; पण कुठे जास्तीचे ब्रॅकेट, कुठे जादा टाकी, कुठे मागे वाढवलेली लांबी, असे करत पहिले भोक आणि पहिला वेल्ड चासीवर पडायचा तो गाडी रस्त्यावर येण्याआधीच. कारखान्याचा रिव्हेट आणि रस्त्याचे वेल्डिंग यांच्यातली सीमारेषा मुळातच पुसट होती. वेल्डर दुरुस्तीला आला तेव्हा तो त्या गाडीच्या बांधणीतला नवखा माणूस नव्हता.

आता वेळेकडे येऊ. ट्रकवाल्याकडे वेळ का नव्हता? रेल्वेला धक्का लागू नये ही काळजी इंग्रज सरकारला तिसाव्या दशकापासूनच होती. मिचेल-किर्कनेस अहवालाने रस्ते आणि रेल्वे यांच्यातल्या स्पर्धेची मांडणी केली आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मालट्रकना परवान्यांच्या चौकटीत बसवले. कोणत्या प्रदेशात जायचे, किती गाड्यांना परवाने द्यायचे हे सगळे अधिकाऱ्यांच्या हाती गेले. स्वातंत्र्यानंतरही ही चौकट बराच काळ तशीच राहिली. मिनू मसानी यांच्या समितीने १९५९ मध्ये ती सैल करण्याची शिफारस केली, पण खरी मोकळीक आली ती १९८८ च्या कायद्याने. परवाना दुर्मीळ असला की त्याला किंमत येते, आणि परवान्याची गाडी उभी राहिली की ती किंमत दिवसागणिक वाया जाते. दुसरीकडे ट्रकमालक म्हणजे मोठा शेटजी, ही समजूतही बरीचशी खोटी. देशातल्या बहुसंख्य मालकांकडे पाच किंवा त्याहून कमी गाड्या असतात, आणि एकच गाडी असलेला, तीही हप्त्यावर घेतलेला मालक हा या धंद्यातला अगदी सर्वसाधारण माणूस. गाडी हलो न हलो, हप्ता थांबत नाही. जकात नाक्यांवर, चेकपोस्टवर जे तास जात ते भरून काढायचे तर कुठे तरी कापावे लागे. इंजिनाच्या कामात कापता येत नाही, ब्रेकच्या कामात कापणे जिवावर बेतते. चासीच्या कामात मात्र कापता येत होते, कारण पट्टी मारलेली चासी दिसायला दुरुस्तच दिसते आणि काही महिने चालतेही.

याहून महत्त्वाचे, आणि सहसा दुर्लक्षित राहणारे कारण कायद्यात आहे. कायद्याच्या नजरेत ट्रकची ओळख म्हणजे त्याची चासी. इंजिन बदलले तर आरटीओत नोंद करून घेता येते. गिअरबॉक्स, एक्सल, केबिन बदलता येतात. हौदा तर आयुष्यात दोन-तीनदा नवा होतो. चासी नंबर मात्र त्या चॅनेलमध्येच कोरलेला. नोंदणीपुस्तक, विमा, परवाना, कर्जाचे कागद सगळे त्या अंकांना बांधलेले. फिटनेसच्या वेळी त्यावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतात. २०२१ च्या वाहन मोडीच्या नियमांतही चासी नंबरचा तुकडा कापून काही काळ जपून ठेवणे बंधनकारक आहे, इतका तो निर्णायक. त्यामुळे चिरलेला चॅनेल काढून नवा बसवणे म्हणजे कायद्याच्या भाषेत गाडी तीच राहिली का, हा प्रश्न उभा करणे. १९८८ च्या कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ तपशिलांत बदल करण्याविषयी कडक आहे, आणि चोरीच्या गाड्यांचे नंबर खरवडण्याचे प्रकार पाहता ते असावेही. पण त्याचा एक परिणाम कोणी ठरवून केला नसला तरी झाला. चासी बदलण्यापेक्षा तिला सांधणे कागदोपत्री कितीतरी सोपे ठरले. सांधण्याला परवानगी लागत नव्हती, नोंद लागत नव्हती, पावतीही लागत नव्हती. जो पर्याय कायद्याने बिनबोभाट ठेवला तोच लोकांनी निवडला, यात नवल काय?

आता भार. एका एक्सलवर जास्तीत जास्त ८.१६ टन, ही जुनी मर्यादा १९८३ मध्ये १०.२ टन झाली आणि दोन एक्सलच्या गाडीचे एकूण वजन १६.२ टनांपर्यंत गेले. टेल्कोच्या १२१० या लोकप्रिय गाडीच्या नावातच बारा टन आणि शंभर अश्वशक्ती होती; तिच्या जागी १६ आकड्याने सुरू होणारी मॉडेल आली ती या बदलाच्या मागोमाग. ८.१६ वरून १०.२ म्हणजे बरोबर सव्वापट. मघाचा तिसऱ्या घाताचा नियम लावला तर सांध्याचे आयुष्य निम्मे. अर्थात नव्या मॉडेलच्या चासी नव्या भारासाठी आखलेल्या होत्या, पण रस्त्यावर तेव्हा धावत होत्या त्या बहुसंख्य गाड्या जुन्या होत्या, आणि कायदेशीर मर्यादा हा प्रत्यक्ष भाराचा तळ होता, छत नव्हते. भारही सगळीकडे सारखा नसतो. धान्याची पोती हौद्यावर पसरतात. कळंबोलीच्या लोखंड बाजारात चढणारी पत्र्याची कॉइल चॅनेलच्या एका हातभर तुकड्यावर सगळे वजन टाकते आणि चॅनेल तिथेच वाकवते. कोल्हापूर-सांगलीकडे गळीत हंगामात ऊस फाळक्याच्या मागे लोंबेपर्यंत भरतात. तो मागच्या चाकांपलीकडचा भार पाट्याच्या मागच्या हँगरजवळ चासीची परीक्षा घेतो. गोव्यात डिचोली, सत्तरी, सांग्याच्या खाणींपासून मांडवी-झुआरीच्या धक्क्यांपर्यंत खनिज वाहणाऱ्या टिपरांचे गणितच वेगळे होते. अंतर कमी, खेपा जास्त, दर खेपेला हौदा उचलताना सगळा भार मागच्या बिजागरीवर. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथले उत्खनन थांबवले तेव्हा या गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. चिरा कुठे पडतात हे कोणताही जुना वेल्डर न बघता सांगू शकतो: केबिनच्या मागे, पाट्यांच्या हँगरपाशी, कुणीतरी नंतर पाडलेल्या भोकापाशी, आणि आधीच्या पट्टीच्या कडेला. यातली शेवटची जागा या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची.

कारण चांगली दुरुस्ती कशी करतात हे या धंद्याला ठाऊक आहे. गाडी रिकामी करायची, चासी जॅकवर घेऊन कर्ण मापून सरळ करायची, चीर जिथे संपते त्याच्या टोकाला भोक पाडून ती तिथेच थोपवायची. मग ग्राइंडरने चिरेची खाच उघडायची, दोन्ही बाजूंनी थरावर थर टाकत वेल्ड भरायचा, प्रत्येक थराचा मळ ठोकून काढायचा आणि शेवटी पृष्ठभाग सपाट घासायचा. त्यावर मजबुतीची पट्टी लावायची ती टोकाला निमुळती, शक्यतो पोटावर बोल्टने धरलेली, पट्टीच्या कडेवर आडवा वेल्ड न देता. पट्टी टोकाला सरळ कापलेली असली तर तिथे चासीचा ताठपणा एकदम बदलतो, पीळ तिथे येऊन अडतो आणि नवी चीर पट्टीच्या काठावरून निघते. मुळात चीर पडली का, हेही शोधायला हवे: सैल यू-बोल्ट, मोडलेला पाटा, झिजलेला शॅकल. हे सगळे नीट केले तर निदान एक अख्खा दिवस जातो. यातले एकेक गाळत गेले की काम दोन-तीन तासांवर येते: माल न उतरवता, भोक न पाडता, एका बाजूने भरलेला वेल्ड आणि दुसऱ्या मोडीत गेलेल्या चासीतून कापलेली चौकोनी पट्टी. काडीही तशीच. साधी ६०१३ काडी कोणत्याही ट्रान्सफॉर्मरवर चालते, दमट हवा तिला सोसते. कमी हायड्रोजनची ७०१८ काडी अधिक भरवशाची, पण ती भट्टीत तापवून कोरडी ठेवावी लागते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात सर्दावलेली ७०१८ साध्या काडीहून वाईट. ज्ञान आणि घाई यांच्यातली ही ओढाताण एकाच दुकानात, एकाच माणसाच्या हातून दिवसातून अनेकदा घडते. ओळखीच्या मालकाची गाडी रात्रभर ठेवून घेणारा वेल्डरच समोरच्या अनोळखी गाडीला दोन तासांत मोकळा करतो. कौशल्य दोन्हीकडे तेच, मुदत वेगळी.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ओव्हरलोड मालक करतो, तेव्हा चासी चिरली तर दोष त्याच्या हावरेपणाचा. यात तथ्य आहे, पण अर्धे. भाडे टनावर ठरते, गाड्या गरजेहून जास्त झाल्या की दर पडतात, आणि दर पडले की हप्ता भरण्यासाठी टन वाढवणे हाच उपाय उरतो. शिवाय सरकार या व्यवहारात तटस्थ नव्हते. कित्येक राज्ये ठरावीक रक्कम घेऊन जादा भार चालू देत होती. दंड हा शिक्षा न राहता महसुलाचे साधन झाला होता. नोव्हेंबर २००५ मध्ये परमजित भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे थांबवले आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडू नये असे बजावले. कायद्याच्या १९४ व्या कलमात हे आधीपासूनच अभिप्रेत होते, दंडही होता: दोन हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे हजार. २०१९ च्या दुरुस्तीने तो वीस हजार आणि टनामागे दोन हजार झाला. ज्या व्यवस्थेने जादा टनांची किंमत ठरवून ती वसूल केली, तिला त्या टनांनी चासीवर पाडलेल्या चिरांचा वाटा नाकारता येत नाही.

दुसरा आक्षेप तांत्रिक आणि अधिक वजनदार आहे: उत्पादक चासीवर वेल्डिंग करू नका म्हणतात, मग त्याचे समर्थन कसे करता? इथे दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. अमेरिकेतल्या जड ट्रकांच्या चासी उष्णोपचार केलेल्या पोलादाच्या असतात. त्यांची ताकद उष्णतेनेच आलेली, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तिथली ती निघून जाते. त्यावर ‘वेल्ड करू नका’ असे लिहिलेले असते ते बरोबरच आहे. साध्या किंवा थोड्या मिश्रधातूच्या पोलादाच्या चासीचे तसे नाही. तिथे जगभरचे उत्पादक बॉडीबिल्डरांना दिलेल्या पुस्तकांत चासी लांबवण्याची, सांधण्याची पद्धत स्वतःच देतात: कुठे वेल्ड करायचे, कोणती काडी, किती प्रवाह, कुठे अजिबात नाही. म्हणजे बंदी वेल्डिंगवर नाही, बेशिस्त वेल्डिंगवर आहे. पाश्चात्त्य देशांत चासी कापून लांब करणारे कारखाने राजरोस चालतात. त्यांच्याकडे लिखित पद्धत असते, वेल्डरची परीक्षा झालेली असते, तपासणी होते आणि केलेल्या कामाचा कागद गाडीबरोबर जातो. या आक्षेपाने माझे म्हणणे खोडले जात नाही, उलट बळकट होते. वेगळेपण आहे ते वेळ आणि कागद यांच्यात.

याची चाचणी आपल्याच महाराष्ट्रात घेता येते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. तीच टेल्को, तीच लेलँड, तशाच उघड्या चासी विकत घेऊन महामंडळाने दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरच्या मध्यवर्ती कार्यशाळांत त्यांवर बॉडी बांधल्या. आगार, विभागीय कार्यशाळा, मध्यवर्ती कार्यशाळा अशी उतरंड असल्यामुळे गाडी ठरलेल्या किलोमीटरनंतर आत येते, तिच्या जागी दुसरी धावते आणि उघडलेली चासी नजरेखालून जाते. माणसे त्याच आयटीआयतून आलेली, रस्ते तेच, घाट तेच. तरी चासीला मिळणारी वागणूक वेगळी. इथे कोणी म्हणेल की माणसांचे वजन लोखंडाच्या कॉइलइतके नसते, तुलना सम नाही. खरे आहे, आणि म्हणून या तुलनेतून मी भाराविषयी काही सिद्ध करत नाही. सिद्ध होते ते एवढेच की एक गाडी उभी राहिली तर दुसरी काढता येते, अशा मालकाकडे काम करणारा वेल्डर घाई करत नाही.

राहिला धोक्याचा मुद्दा. थकलेल्या पट्टीची गाडी घाटात मोडली तर मरतो तो ड्रायव्हर, किन्नर, किंवा समोरून येणारा कोणी. अशा दुरुस्तीला लोककौशल्य म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांशी माझे जमत नाही. जुगाडाचे गोडवे गाणारे लेख बहुधा त्या गाडीत न बसणाऱ्यांनी लिहिलेले असतात. पण सगळा दोष काडी धरणाऱ्या हातावर टाकणेही तितकेच चुकीचे. फिटनेसची तपासणी वर्षानुवर्षे नजरेने होत आली, आणि ताज्या काळ्या रंगाखालची पट्टी नजरेला दिसत नाही. दुरुस्तीची नोंद कुठेच नसल्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या मालकाला आपण काय विकत घेतले हे कळत नाही. पट्टी कोणी मारली, कधी मारली, कोणत्या काडीने मारली याचा कागद कायद्याने मागितला असता, तर चांगल्या वेल्डरला त्याच्या चांगुलपणाचे पैसे मागता आले असते. तो कागद नसल्याने बाजारात सगळे वेल्ड सारखेच, आणि मग सर्वांत लवकर होणारा वेल्ड जिंकतो.

अलीकडे या चित्रात दोन बदल झाले आहेत. जुलै २०१८ मध्ये सरकारने भाराच्या मर्यादा पुन्हा वाढवल्या आणि दोन एक्सलच्या गाडीला १८.५ टनांची मुभा मिळाली. जास्त एक्सलच्या बारा, चौदा, सोळा चाकी गाड्या वाढल्या, मोठ्या कंपन्यांचे ताफे कारखान्याशी देखभालीचे करार करू लागले, आणि चासीचे पोलाद अधिक ताकदीचे झाले, म्हणजेच निष्काळजी उष्णतेला अधिक नाजूक. दुसरा बदल १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा नियमांनी पक्का केला: गाडीच्या अंगभर सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आले. चासीतून वेल्डिंगचा प्रवाह सोडायचा तर आधी बॅटरी सोडवायची, नियंत्रकाची जोडणी काढायची, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावायचा. या पायऱ्या आता हमरस्त्यावरच्या दुकानांतही पाळल्या जाऊ लागल्या आहेत, आणि त्यासाठी लागणारा अर्धा तास मालक मुकाट्याने देतो. चिरलेली चासी निदान पुढच्या नाक्यापर्यंत गाडी नेते. नियंत्रक जळला तर गाडी जागची हलत नाही, आणि त्याचे बिल पट्टीच्या मजुरीच्या कितीतरी पट असते.